जुनी छोटी मोटार घेताना पारख कशाची करावी?

बालाघाटच्या व्यापाऱ्यास मालाची पारख शिकवावी लागत नाही. चिन्नोर तांदळाची मूठ नाकाशी नेताच मिसळ आहे की नाही हे त्यास कळते. या तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण आपल्या पेढ्यांवर त्याची कसोटी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पोते वरून चांगले दिसले म्हणून आपण भाव बोलत नाही. पोत्याच्या पोटात परखी घालून मधला दाणा पाहतो. असे असता, तोच व्यापारी दोन-तीन लक्ष रुपयांची जुनी मोटार मात्र रंग पाहून आणि 'माणूस ओळखीचा आहे' एवढ्या आधारावर घरी घेऊन येतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. आम्ही स्वतःही तेच केले होते, म्हणूनच हा लेख.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही नागपुरातून एक छोटी मोटार घेतली. रंग झळझळीत, मीटरवर अवघे अडतीस हजार किलोमीटर, किंमत बाजारभावाहून थोडी कमी. पहिला उन्हाळा सुखाने गेला. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री घरातील वडीलधाऱ्या आत्याबाईंस छातीत दुखू लागले म्हणून गोंदियास नेत असता, भर पावसात दिवे मंद झाले आणि गाडी रस्त्यातच बंद पडली. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने माणुसकीने आम्हांस पुढे पोहोचविले, आत्याबाई बऱ्या झाल्या. पण ती पाऊण तासाची वाट आम्ही विसरलेलो नाही. नंतर मिस्त्रीने आसने काढून गालिचा उचलला, तेव्हा खाली वाळलेल्या गाळाचा थर निघाला. गाडी पुरात बुडालेली होती. गालिचा उचलण्यास पाच मिनिटे लागतात. ती आम्ही खरेदीच्या दिवशी दिली नव्हती.

छोटी मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली व तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट मोटारी देशभर गेल्या. तथापि त्या काळी मोटार ठराविक घरीच असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि मध्यम कुटुंबाचे दार मोटारीस उघडले. पुढे १९९८ साली सॅन्ट्रो, २००० साली आल्टो, २००५ साली स्विफ्ट आली. चार मीटरच्या आतील लांबी आणि पेट्रोलचे १२०० किंवा डिझेलचे १५०० घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन, या मर्यादेतील गाडीस सरकारी करव्यवस्थेत लहान गाडी मानतात. जुन्या बाजारात मुख्यतः हाच माल असतो.

ग्राहक प्रथम विचारतो, 'कोणत्या कंपनीची गाडी टिकते?' प्रश्न अयोग्य नाही, पण अपुरा आहे. कंपनीचे नाव सांगते ते कारखान्यातून निघालेल्या सर्व गाड्यांविषयी. आपल्यास घ्यावयाची असते एकच, आणि ती कोणाच्या हाती, कोणत्या रस्त्यावर, कशी वागविली गेली यावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून असते. एका मापाचे धान दोन शेतकऱ्यांनी दोन कोठारांत ठेवले तर वर्षअखेर माल एकसारखा निघत नाही, तद्वतच हे आहे. यास्तव गाडीच्या भरवशाचा निवाडा पाच साक्षीदारांच्या जबानीवर करावा : कागद, अंग, इंजिन, रस्ता आणि सुटे भाग.

पहिला साक्षीदार कागद. नोंदणीपत्रावरील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील कोरीव क्रमांकांशी अक्षरशः ताडून पाहावेत. मालक कितवा, बँकेचा बोजा उतरला आहे काय, विमा चालू आहे काय, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत काय, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर ती पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. तिचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर नेण्यात आले. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबले, तेव्हा अशी गाडी घेताना हा हिशेब आधी मांडावा. आपल्याकडे गोंदिया-नागपूरची गाडी येणे नित्याचे आहे. अशा गाडीस तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर येथील म्हणजे एम. पी. ५० चा नवा क्रमांक घ्यावा लागतो व येथील कर भरावा लागतो. हा खर्च किमतीत धरल्याशिवाय 'स्वस्त मिळाली' असे म्हणू नये.

दुसरा साक्षीदार गाडीचे अंग. गाडी दिवसाच्या उजेडात, कोरडी असताना पाहावी. पाण्याने ओला रंग सर्व दोष झाकतो. दारे, बोनेट व डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या असाव्यात. खिडक्यांच्या काचांवर निर्मितीच्या खुणा असतात. पाचांचे वर्ष एक आणि सहाव्या काचेचे निराळे, तर ती का बदलली हे विचारावे. टायरवरील शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर पंचवीस हजार दाखवीत असेल, आणि टायर मात्र गाडीहून तीन वर्षांनी नवे असतील, तर एक जण खोटे बोलत आहे. पायाखालचे पेडल, चालकाच्या आसनाची कड व स्टिअरिंगची झीज यांवरूनही मीटर मागे फिरविले आहे की काय याचा अंदाज येतो.

पुराचा प्रश्न विशेष जपून पाहावा. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस मोठा पूर आला, आणि नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. बुडालेली गाडी नाहीशी होत नाही. धुऊन-पुसून ती बाजारात येते. तिचे इंजिन दुरुस्त होते, पण विजेच्या तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा वर्ष-दीड वर्षाने डोके वर काढतो. यासाठी आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का पाहावी, आसनाखालचे बोल्ट गंजले आहेत का पाहावे, गालिच्याचा कोपरा उचलून हात फिरवावा, आणि काचा बंद करून आत कुबट वास येतो का हे घ्यावे.

तिसरा साक्षीदार इंजिन. विक्रेत्यास आधी बजावावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन आपली दुखणी लपविते, थंड इंजिन ती बोलून दाखविते. सुरू करताच निळसर धूर निघाला तर ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जात आहे. थंडीत क्षणभर वाफ दिसणे साहजिक, पण दाट पांढरा धूर टिकून राहिला तर रेडिएटरचे पाणी इंजिनात शिरत असण्याचा संभव असतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस आढळला तरी संशय तोच. भरवेली किंवा मलाजखंडच्या खाणींच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीचे एअर फिल्टर काढून पाहावे. धूळ गिळलेले इंजिन अकाली झिजते. आता गाडीस स्कॅनर लावून संगणकातील दोषांच्या नोंदीही वाचता येतात. चार पैसे खर्चून हे अवश्य करावे.

चौथा साक्षीदार रस्ता. गल्लीतील फेरी ही परीक्षा नव्हे. निदान अर्धा तास चढ-उताराच्या व खराब रस्त्यावर गाडी स्वतः चालवावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरत आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी एका अंगास ओढते काय, ब्रेक लावताना थरथरते काय, खड्ड्यात खडखडते काय, हे पाहून परतल्यावर ती उभी केलेल्या जागी खाली थेंब पडले आहेत का पाहावे. आपल्या विश्वासाचा मिस्त्री बरोबर असावा आणि त्यास त्याची मजुरी आपण द्यावी. विक्रेत्याने दाखविलेला मिस्त्री हा विक्रेत्याचाच मुनीम समजावा.

पाचवा साक्षीदार सुटे भाग. चांगली गाडीही भागावाचून दाराशी पडून राहते. नॅनोचे व इंडिकाचे उत्पादन २०१८ साली थांबले; जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री बंद केली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. अशा गाड्या वाईट असतात असे नाही, त्या स्वस्तही मिळतात. पण बालाघाटात बसून त्यांचा भाग किती दिवसांत मिळेल, हे दोन दुकानांत विचारल्यावाचून सौदा करू नये. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीविषयीही हेच : ती दुरुस्त करणारा हात गावात आहे काय, हे आधी पाहावे.

किमतीविषयी एक सूचना. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरील जी. एस. टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला व त्यावरील उपकरही गेला. तेव्हा जुन्या गाडीचा भाव ठरविताना मालकाने पूर्वी किती मोजले हे न पाहता, तीच गाडी आज नवी कितीस मिळते ते पाहावे.

शेवटी विक्रेत्याच्या बाजूचेही सांगणे आवश्यक आहे, कारण आपण आज घेणारे तर उद्या विकणारे असतो. गाडी दिली, पैसे घेतले, कोऱ्या अर्जांवर सह्या केल्या, एवढ्याने व्यवहार संपत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. मग गाडी मधल्या काळात चार हातांतून गेली असली तरी. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत ती कळवावयाची असते. यासाठी नाव बदलल्याचा कागद हाती येईपर्यंत व्यवहार अपुरा समजावा.

आणि गाडीचा दोष असेल तर तो घेणाऱ्यास आपण होऊन सांगावा. आमची ती पुरातील गाडी आम्ही पुढे विकली, तेव्हा गाळाची हकीकत प्रथम सांगितली आणि त्याच मानाने कमी पैसे घेतले. तोटा झाला, परंतु घेणाऱ्या गृहस्थांच्याही घरी म्हातारी माणसे होती, आणि त्यांस रात्री-अपरात्री त्याच रस्त्याने जावयाचे होते.