वरसे येथील एक घरगुती संग्रह-संगणक : यंत्र व कार्यप्रणाली यांची निवड

क्षेत्रीय अभ्यासात जमविलेल्या सामग्रीचे जतन कोठे व कसे करावे, हा प्रश्न विभागात वारंवार निघतो. विद्यार्थी बोलींची ध्वनिमुद्रणे करून आणतात, पोथ्यांची छायाचित्रे घेतात. आणि पदवी हाती पडल्यावर ती सारी सामग्री एखाद्या हार्ड डिस्कवर कपाटात पडून राहते. रोह्याला लागून असलेल्या वरसे येथे प्रस्तुत लेखकाच्या घरी अशा सामग्रीसाठी एक लहान सर्व्हर काही वर्षे चालू आहे. तो उभारताना घ्याव्या लागलेल्या निर्णयांची कारणे येथे सांगावयाची आहेत.

हा उद्योग हौसेने आरंभिलेला नव्हे. एका वृद्ध कातकरी बाईंनी सांगितलेल्या कथांचे सुमारे तीन तासांचे ध्वनिमुद्रण माझ्यापाशी होते. २०१९ च्या पावसाळ्यानंतर ते ऐकावयास घेतले, तेव्हा निम्म्यापुढे केवळ खरखर उरली होती. दुसऱ्या डिस्कवर प्रत होती. परंतु ती बिघाडानंतर काढलेली असल्यामुळे दोषही तीत बिनचूक उतरला होता. बाई तोवर निवर्तल्या होत्या.

डिस्क बंद पडली तर ते निदान कळते. ती चालू असताना तिच्यावरील मजकूर मुकाट्याने पालटला, तर ते कळावयाचे कसे? दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवण्याची पद्धत जुनी आहे. पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली ‘रेड’ या नावाखाली अशा रचनांचे वर्गीकरण केले. परंतु साध्या जोडीतील दोन प्रतींत भेद पडला, तर खरी कोणती हे ती जोडी सांगू शकत नाही. पाठचिकित्सा करणाऱ्यांस ही अडचण परिचित आहे. आपल्या लेखकूंनी तिच्यावर एक उपाय योजिला होता : अध्यायाच्या शेवटी ओवीसंख्या लिहून ठेवावयाची, म्हणजे एखादी ओवी गळाली तर मोजणीत सापडते. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएस या संचिका-व्यवस्थेत तेच तत्त्व अधिक कसोशीने पाळलेले आहे. मजकुराच्या प्रत्येक खंडाची गणिती खूण वेगळी नोंदली जाते. वाचताना ती जुळली नाही, तर दुसऱ्या डिस्कवरील जुळणारा खंड घेऊन पहिला दुरुस्त केला जातो. महिन्यातून एकदा सर्व मजकूर असा तपासून घेता येतो. लिनक्सवर नेहमी वापरली जाणारी ईएक्सटी-४ ही व्यवस्था मजकुराची अशी खूण ठेवीत नाही. माझ्या मते कार्यप्रणालीची निवड येथेच बहुतांशी संपते.

ट्रूनॅस ही प्रणाली झेडएफएसभोवतीच रचलेली आहे. मात्र तिला किमान आठ गिगाबाईट रॅम लागते. ओपनमीडियाव्हॉल्ट कमी सामर्थ्याच्या यंत्रावरही चालते. मी साधी डेबियन घेऊन तीवर झेडएफएस बसविली. मांडणीचे कष्ट वाढले हे खरे. पण उद्या माझ्या पश्चात कोणी या डिस्का काढून दुसऱ्या लिनक्स संगणकास जोडल्या, तर त्या उघडाव्यात हा हेतू.

जागेच्या बाबतीत लोक उगाच मोठा खर्च करतात. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट प्रमाणाचे दुपदरी ध्वनिमुद्रण तासास सुमारे १.०४ गिगाबाईट जागा घेते. ए-४ आकाराचे पान ४०० ठिपक्यांनी रंगीत टिपले, तर संकोचनाविना सुमारे ४६ मेगाबाईट. तीनशे तास आणि दहा हजार पाने मिळूनही एक टेराबाईट भरत नाही. मी दोन-दोन टेराबाईटच्या दोन डिस्का घेतल्या. घेताना त्या सीएमआर पद्धतीच्या आहेत ना, एवढे पाहावे. एकमेकांवर चढणाऱ्या मार्गांच्या एसएमआर डिस्का जोडीची पुनर्रचना करताना फार रेंगाळतात. यंत्र मात्र काटकसरीचे हवे. अहोरात्र ४० वॅट खाणारा जुना संगणक वर्षास ३५० युनिट जाळतो, १२ वॅटचा १०५. ईसीसी रॅम मिळाली तर उत्तम. परंतु तिच्यासाठी सगळा बेत अडवून धरू नये.

कोकणातील खरी परीक्षा विजेची. कुंडलिकेच्या उगमाकडे भिऱ्याचे वीजगृह १९२७ पासून आहे. तथापि वीज जवळ निर्माण होते म्हणून ती घरात टिकते असे नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर जिल्ह्यातील अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. यूपीएसने इतका काळ यंत्र चालवावे ही अपेक्षाच चुकीची. त्याने यंत्रास इशारा देऊन ते रीतसर बंद करवावे. गेलेली वीज पुष्कळदा येते, जाते, पुन्हा येते. म्हणून आमचे यंत्र वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाही, ते हाताने सुरू करावे लागते. गडगडाट आषाढापेक्षा वळिवाच्या आणि परतीच्या पावसात अधिक. तेव्हा अर्थिंग मेअखेरच तपासून घ्यावे. यंत्र माडीवर ठेवावे, आणि पावसाळ्यात विनाकारण बंद ठेवू नये; चालू यंत्राची ऊब दमट हवेचे पाणी आत धरू देत नाही.

इतके करूनही दोन्ही डिस्का एकाच घरात आहेत. पूर, चोरी, किंवा माझ्याच हातून चुकून पुसली गेलेली संचिका यांवर जोडीचा उपाय नाही. यासाठी तिसरी प्रत पुण्यास नातेवाइकांकडे असते. दर दिवाळीस ती अद्ययावत करून नेतो, आणि तेथील संगणकावर कोणतीही एक कथा उघडून शेवटपर्यंत ऐकतो.