पंधरा जूनच्या आधी

महाराष्ट्रात शाळेचं नवं वर्ष १५ जूनला सुरू होतं. विदर्भात तोवर ऊन उतरलेलं नसतं, म्हणून तिथली घंटा जूनच्या शेवटाकडे होते. प्राथमिक शिक्षकाचं वर्ष मात्र मृग लागायच्या सुमारास, तो शाळेचं कुलूप काढतो तेव्हाच सुरू झालेलं असतं. माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. १९९० च्या आसपास आम्ही वर्ग तयार करायचो तो कसा आणि आजचे शिक्षक करतात तो कसा, हे एकदा लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

तेव्हा वाडी-वस्तीवरची शाळा म्हणजे पत्र्याची नाहीतर कौलांची एक खोली आणि पुढे ओटा. पहिली ते चौथीचे चारही वर्ग त्या एका खोलीत. मे महिन्यात गावात लग्नं असायची आणि शाळा हे ठरलेलं जानवसघर. दार उघडलं की कोपऱ्यात तीन दगडांची चूल, भिंतीवर छपरापर्यंत गेलेली काजळी, खिडकीत विड्याच्या पानांची देठं आणि फळ्यावर कुणीतरी खडूने मांडलेला पंगतीचा हिशेब: गहू किती पोती, बुंदी किती किलो. ओट्यावर उन्हाळाभर शेळ्या बसलेल्या. मग मोठी मुलं आणि दोन-चार आया येऊन सगळं झाडून काढायच्या, शेणाने जमीन सारवायच्या, बसकरपट्ट्या उन्हात टाकायच्या. फळा काळा करण्याचं काम गुरुजींचं. टॉर्चचे संपलेले सेल वर्षभर जमवून ठेवलेले असत. ते फोडून आतली काळी पूड पाण्यात कालवायची, फडक्याने फळ्यावर घासायची आणि दिवसभर वाळू द्यायची. सुरुवातीला खडू त्यावर झकास उमटायचा. श्रावणापर्यंत फळा पुन्हा करडा पडायचा.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य, एवढी साधी मागणी तिच्यात होती. आमच्याकडे दुसरी खोली झाली तेव्हा पहिली-दुसरी एकीकडे आणि तिसरी-चौथी दुसरीकडे बसवता आली. पाढे म्हणणाऱ्यांच्या आवाजात वाचणाऱ्यांचा आवाज बुडेनासा झाला. साहित्याच्या पेटीत नकाशे, पृथ्वीचा गोल, ठोकळे असं बरंच काही होतं. पण त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला व्हायची. वस्तू फुटली तर खिशातून भरावी लागेल या धास्तीने कित्येक शाळांत ती पेटी कपाटाबाहेर आलीच नाही. मुलांच्या हातात न गेलेला तो पृथ्वीगोल आठवला की मला आजही हळहळ वाटते.

खोलीपेक्षा मोठं काम दारोदार फिरण्याचं. सहा वर्षं पूर्ण झालेली मुलं शोधून त्यांची नावं लिहायची, त्याला दाखलपात्र मुलांचं सर्वेक्षण म्हणतात. जन्माचा दाखला बहुतेकांकडे नसायचा. आई सांगायची, “थोरल्याच्या पाठचा, पोळ्याच्या आधी झाला,” आणि त्यावरून साल काढायचं. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला की तो सहा वर्षांचा झाला, हीही एक प्रचलित कसोटी होती. तारीख नक्की कळली नाही तर जनरल रजिस्टरला १ जून लिहिली जायची. महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत दर वर्षी ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची एवढी गर्दी का असते, याचं उत्तर अशा रजिस्टरांत आहे. पिढ्यान् पिढ्या गुरुजींनी जूनच्या तोंडावर घातलेल्या त्या जन्मतारखा आहेत.

त्या फेरीत तारखेहून किती तरी जास्त हाती यायचं. कोणाच्या घरात म्हातारं आजारी आहे, कोणत्या पोरीला धाकटं भावंड सांभाळावं लागतं, कोणाला रात्री दिसत नाही, कोण नुसता हुंकार देतो पण सगळं समजतो, हे दारात चहा घेता घेता कळायचं. आणि आमच्या भागात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, यंदा कोणत्या घराने ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली आहे.

बालाघाटातल्या शाळेचा पट हा ऊसतोडीशी बांधलेला. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडला की, म्हणजे हंगाम संपला की, मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याबरोबर त्यांची पोरं. जूनमध्ये बसकरपट्टी गच्च भरलेली आणि कार्तिकात अर्धी मोकळी. त्यामुळे आमच्याकडे तिसरीच्या वर्गाची तयारी करायची म्हणजे तिसरीत नाव असलेल्या पण दोन अंकी संख्येपाशी अडलेल्या मुलांची तयारी करायची. मी हजेरीपत्रकाशिवाय एक साधी वही ठेवायचो. प्रत्येक मुलापुढे मागच्या हंगामात ते किती महिने बाहेर होतं आणि ते गेलं त्या दिवशी कोणत्या धड्यावर होतं, एवढंच लिहिलेलं. नव्या वर्षाची सुरुवात त्या मुलासाठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर नसायची. ती मागच्या दिवाळीला जिथे सुटली होती, तिथून धरावी लागायची.

एका आईने त्या काळात विचारलेला प्रश्न मला कायमचा लागून राहिला आहे. “गुरुजी, हिला हितं आजीजवळ ठेवली तर खाईल काय, अन् संगं नेली तर शिकंल काय?” नंतर कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या. सर्व शिक्षा अभियानातून गावोगाव हंगामी वसतिगृहं सुरू झाली. पोर गावातच आजी-आजोबांकडे झोपणार, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेकडून. त्या आईच्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाला मिळालेलं ते पहिलं खरं उत्तर. पण वसतिगृहात कोण राहणार हे दिवाळीत ठरवायला गेलं की उशीर होतो. ते जूनमध्ये, आईबाप घरी असतात आणि पेरणीच्या आशेने जरा मोकळेपणी बोलतात, तेव्हाच ठरवायचं असतं.

जेवणाचंच म्हणायचं तर १५ ऑगस्ट १९९५ ला शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. आधी हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिल्यावर खिचडी आली, आणि वर्ग उघडण्याच्या तयारीत पातेली, तेल-मिठाचा साठा, स्वयंपाकाची खोली आणि चव नोंदवही यांची भर पडली. शिक्षकांनी या कामाबद्दल खूप कुरकुर केली. मात्र सकाळी काही न खाता येणारं पोर दुपारनंतर फळ्याकडे बघू लागलं, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने ती कुरकुर फार ताणू नये.

पुस्तकांची गोष्टही तशीच बदलली. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाल्यावर पुस्तकं सगळ्या राज्यात एक झाली होती, पण ती विकत घ्यावी लागत. वरच्या वर्गात गेलेल्याचं पुस्तक अर्ध्या किमतीत घ्यायचं, पुस्तकपेढीतून मिळालं तर बघायचं, नाहीतर शेजारच्याच्यात डोकं घालायचं. शेवटची पानं फाटलेली असली तर वर्षाचे शेवटचे धडे ऐकूनच शिकायचे. सर्व शिक्षा अभियानाने मोफत पुस्तकं दिली आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात स्वतःचं पुस्तक, हे दृश्य आमच्या डोंगरात पहिल्यांदा दिसलं. जून २००० पासून पहिलीला इंग्रजी आली. आम्ही स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेले गुरुजी, तेव्हा त्या सुट्टीत आधी आमचीच उजळणी झाली.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणाला नाकारता येणार नाही, आणि शाळेबाहेरचं मूल त्याच्या वयाच्या वर्गातच बसेल. दहा वर्षांची मुलगी पहिल्यांदाच शाळेत आली तर तिला चौथी-पाचवीत बसवून मागचं शिकवायचं. हे कागदावर लिहिणं सोपं आणि वर्गात करणं अवघड. तरी मी या तरतुदीच्या बाजूचा आहे. थोराड मुलीला पहिलीतल्या चिमुरड्यांत बसवलं की ती आठवड्यात घरी बसते.

मग ज्ञानरचनावादाची, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्याची, लाट आली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन जे उभं केलं, ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून गेल्या. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि त्या जूनपासून पुढची दोन-तीन वर्षं खेडोपाडी शिक्षक लोकवर्गणीतून रंग आणून वर्ग सजवत होते. जमिनीवर मुळाक्षरांचे तक्ते, अंकांच्या पट्ट्या, भिंतीला मुलांच्या उंचीचे फळे. अनेक ठिकाणी पेंटरकडून नुसती नक्कल करून घेतली गेली आणि गाभा निसटला, हे मान्य. पण जिथे तो हाती लागला तिथे वर्ग फळ्याकडून जमिनीकडे आला, मुलं गोल करून बसली, आणि गुरुजी त्यांच्यात उकिडवे बसले.

त्यातली एक वस्तू मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे शंभर मण्यांची माळ. दहा मणी लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. जूनच्या आधी आम्ही शिक्षक रात्री बसून अशा माळा ओवायचो. पहिलीतलं मूल ‘सदतीस’ ऐकतं, तेव्हा तीन गट ओलांडून पुढचे सात मणी बोटाने सरकवतं आणि सदतिसाव्यापाशी क्लिप लावतं. तीस आणि सात हे त्याच्या बोटांना आधी कळतं, लिहिणं मागून येतं. मागच्या दिवाळीला दोन अंकी संख्येपाशी सुटलेली माझी ऊसतोडीची पोरं या माळेवर आठवडाभरात रुळली. पाढे घोकवण्यात मी घालवलेल्या कित्येक जूनपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं.

२०२० च्या जूनमध्ये तयार करायला वर्गच नव्हता. करोनामुळे मार्चपासून कुलूप. मोबाइलची रेंज डोंगराच्या माथ्यावर, आणि घरात फोन एक तोही बापाच्या खिशात. शिक्षक पारावर, देवळाच्या ओवरीत चार-चार मुलं बसवून शिकवत राहिले. जुलै २०२१ मध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आला. पहिली ते चौथीचे वर्ग त्या डिसेंबरात उघडले, जानेवारीत पुन्हा बंद झाले, पुन्हा उघडले. २०२२ च्या जूनमध्ये तिसरीत बसलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग धड पाहिलाच नव्हता. ऊसतोडीच्या मुलांचं जे दर वर्षी व्हायचं, ते त्या वर्षी सगळ्या राज्याच्या मुलांचं झालं. आणि ‘मूल जिथे सुटलं तिथून धरा’ हे सगळ्यांना पटलं.

म्हणूनच त्या वर्षीचं ‘पहिलं पाऊल’ हे शाळा पूर्वतयारी अभियान मला या साऱ्या काळातलं सगळ्यात शहाणं पाऊल वाटतं. सुट्टीआधी एक मेळावा, जूनमध्ये दुसरा. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी अंगणात टेबलं मांडलेली: नोंदणी, उड्या आणि तोल, वस्तूंचं वर्गीकरण, गोष्ट सांगणं, मोजणी. मूल टेबलामागून टेबल फिरतं, आई बरोबर असते. दोन मेळाव्यांमधल्या उन्हाळी सुट्टीत गल्लीतल्या आयांचा गट जमतो आणि घरातल्याच वस्तूंनी खेळ घेतो. एका मेळाव्यात मी पाहिलं. मूठभर हरभरा, तूर, मूग परातीत मिसळलेले, पोरगा वेगळे करतोय, आणि कधीच शाळेत न गेलेली त्याची आई शेजारी बसून “आता सांग, जास्ती कुठलं?” असं विचारते आहे. गणनपूर्व तयारीवर मी ऐकलेलं कोणतंही व्याख्यान याच्या जवळ जात नाही.

पण त्याच काळात दारोदार फिरण्याचा शिक्षकाचा वेळ आटत गेला. ‘सरल’, ‘यू-डायस’ या पोर्टलांवरच्या नोंदी, आधार जुळणी, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन माहिती, कार्यक्रमाचे फोटो. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकाचं पदच अवलंबून, म्हणून जूनपासून आकड्यांचीच धावपळ. पुस्तकांचेही प्रयोग झाले. २०२३ पासून वह्यांची पानं जोडलेली चार भागांतली पुस्तकं आली आणि दोनच वर्षांत थांबली. २०२५ च्या जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा पहिलीला हिंदी असणार की नाही यावर वाद पेटलेला होता. २९ जूनला शासन निर्णय मागे घेतला गेला, तोवर शाळा सुरू होऊन पंधरवडा उलटत आला होता. जून महिना प्राथमिक शिक्षकाला उंबऱ्या-उंबऱ्यांवर घालवू द्यावा आणि माहिती भरण्याची कामं जुलैवर ढकलावीत, अशी मागणी मी नोकरीत असताना बैठकांमधून करत आलो. आजही ती तितक्याच कळकळीने करतो.

आमच्याच पट्ट्यात एक तरुण बाई दोन शिक्षकी शाळेत आहेत. मे संपता संपता त्या वस्त्या फिरतात आणि कोण कोणत्या कारखान्याला जाणार हे लिहून घेतात. जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी त्या जूनमध्येच एक पिशवी भरतात. तिच्यात वाचायची लहान पुस्तकं, सरावाचे कागद, एक मणिमाळ, आणि मूल आत्ता कुठे आहे हे मोठ्या अक्षरात लिहिलेला पुठ्ठा असतो, तिकडच्या कोणत्याही शिक्षकाला उभ्या उभ्या वाचता येईल असा. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक असतं. ते टोळी निघायच्या घाईत भरलं जातं आणि मुकादमाच्या ट्रकवर हरवतं. बाईंचं म्हणणं, ते पत्रकही प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात, आईला समोर बसवून भरावं आणि दोन प्रती काढाव्यात. एक आईजवळ आणि एक शाळेच्या कपाटात. यंदा त्यांनी तसं केलं आहे.