लक्ष्मीपूजन आणि घरची वही

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी दिग्रसच्या पेठेतील व्यापारी नव्या चोपड्यांवर कुंकवाने स्वस्तिक रेखतात, 'शुभ लाभ' लिहितात आणि यथासांग वहीपूजन करतात. त्याच मुहूर्तावर घराघरांत पाटावर नवी केरसुणी मांडून तिला हळदकुंकू वाहिले जाते. केरसुणीला आपण लक्ष्मीच मानतो; चुकून पाय लागला तर नमस्कार करतो. व्यापाऱ्याची लक्ष्मी वहीत आणि गृहिणीची केरसुणीत, ही वाटणी कोणी केली कोण जाणे! घरचा खर्च तर गृहिणीच्याच हातून होतो. मग केरसुणीशेजारी एक साधी शंभर पानी वही पूजेला मांडावयास काय हरकत आहे?

आमच्या भागात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. हा मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. पऱ्हाटीला बोंडे फुटली की सीतादही करून दहीभाताचा नैवेद्य दाखवावयाचा व मग वेचणीस हात घालावयाचा, अशी जुनी रीत. सोयाबीन दिवाळीच्या मागेपुढे विकले जाते, कापूस त्यानंतर आणि तूर पौष-माघात. म्हणजे पैसा येतो तो तीन-चार महिन्यांत; पुरवावयाचा मात्र बारा महिने. त्यातच वर्षातला सर्वांत मोठा सण नेमका पैसा हाती येण्याच्या तोंडावर उभा राहतो. पीक अजून शेतात आणि मुलांचे कपडे दुकानात! अशा वेळी उधारीचा मोह कोणाला होत नाही? हातउसने, किराण्याची उधारी आणि शेवटी व्याजाचे पैसे, अशी ती उतरण असते.

या उतरणीवर उभे राहून ज्यांनी वऱ्हाडाला हाका मारल्या ते श्री संत गाडगेबाबा. त्यांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडील व्यसनापायी गेले. देबूजी मामांच्या घरी, दापुऱ्यास वाढला. तेथे कष्टाने पिकविलेली मामांची जमीन कर्जाच्या कागदापायी सावकाराकडे जाताना त्याने स्वतः पाहिली. पुढे मुलीच्या बारशाला मांस-मदिरेची पंगत घालण्याची जातरीत मोडून त्यांनी गोड जेवण वाढले. लोक नाराज झाले. पण बाबा बधले नाहीत. 1905 साली घर सोडल्यावर, 1956 साली देह ठेवीपर्यंत, कीर्तनातून त्यांचा एक आग्रह अखंड चालू होता: ऋण काढून सण करू नका, भांडी नसतील तर हातावर भाकरी घ्या, पण मुलांना शिकवा. बाबांची काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. पैसा कोठे रोखावा आणि कोठे सोडावा, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

तेव्हा दिवाळीच्या फराळात हात आखडता घ्यावा, असे आम्ही मुळीच सुचविणार नाही. करंजी-अनारशांवाचून दिवाळी ती कसली! परंतु दहा पदार्थ थोडे थोडे करून निम्मे शिळे करण्यापेक्षा चार पदार्थ नीट करावेत. शेजारणींनी मिळून तळण काढले तर इंधन वाचते आणि तेलही एकाच घरात पडून राहत नाही. काळे पडलेले तेल पुनःपुन्हा तापविण्यात बचत नाही. ते आरोग्यास अपायकारक असते. 2022 च्या दिवाळीत शिधापत्रिकेवर शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ व पामतेल मिळाले होते. पण अशा योजना दरवर्षी असतीलच, असे धरून घरचा हिशेब मांडू नये.

खरी बचत सणाच्या चार दिवसांत नव्हे, वर्षाच्या बेगमीत आहे. तूर निघाली की लागेल तेवढी घरी ठेवावी, उन्हाळ्यात तेलपाण्याचा हात देऊन वाळवावी व भरडून घ्यावी. स्वतःची तूर विकून वर्षभर पुड्यांतली डाळ आणणे हा मोठा विनोदच आहे. दिव्यांचेही तसेच. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट खातो. नऊ वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही.

एवढे करूनही अडचण आली तर? समजा, दहा हजार रुपये शेकडा पाच व्याजाने घेतले. महिन्याचे व्याज पाचशे, सहा महिन्यांचे तीन हजार. तेच बचतगटातून शेकडा दोनने मिळाले तर सहा महिन्यांचे व्याज बाराशे होते, आणि तेही आपल्याच गटाच्या पेटीत राहते. राज्याचे महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 साली स्थापन झाले. नाबार्डने 1992 साली बचतगट बँकांशी जोडण्यास प्रारंभ केला. आज बचतगटाची बैठक खेडोपाडी परिचयाची झाली आहे. महिना शंभर रुपये भरणारी बाई तेथे कोणाची याचक नसते.

आता त्या वहीविषयी. पहिल्या पानावर श्रीकार काढावा आणि त्याखाली, संकोच न करता, देणे असेल तेवढे लिहावे: कोणाचे, किती, कोणत्या व्याजाने. दुसऱ्या पानापासून रोजचा खर्च. देवाधर्माचा खर्चही त्यात यावा. देवापासून लपवावे असे त्यात काय आहे? यजमानांच्या तंबाखूची नोंद करताना घरात थोडी कुरबुर होईल, ती होऊ द्यावी. आणि भाऊबीजेची ओवाळणी मात्र जमेच्या बाजूस, स्वतःच्या नावाने लिहावी.