लोकरीच्या मेणाला वनस्पतींचा पर्याय

द्रवासारखा वाहणारा, पण ज्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात, असा पदार्थ म्हणजे द्रव स्फटिक. प्रागमधील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर यांना तो १८८८ मध्ये दिसला, तेव्हा त्यांच्या हातातील कोलेस्टेरॉलचे संयुग १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ झाले. त्याच दशकाच्या आरंभी, १८८२ च्या सुमारास, लीब्राइख व ब्राउन यांनी लोकरीतील मेण शुद्ध करून लॅनोलिन तयार केले होते, आणि पुढे सौंदर्यप्रसाधनांना लागणारे कोलेस्टेरॉल मुख्यतः याच मेणातून येऊ लागले. सातारा जिल्ह्यातील शिरवळ, फलटण, माण या पट्ट्यातील दख्खनी मेंढीची भरड लोकर मात्र घोंगडीच्याच कामी येत राहिली.

त्वचेच्या बाह्यथरातील पेशी विटांसारख्या, तर त्यांच्यामधील सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले ही मेदद्रव्ये चुन्यासारखी रचलेली असतात, ही मांडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पीटर एलियास यांनी पुढे आणली, आणि क्रीममध्येही द्रव स्फटिकाची तशीच पदरदार रचना साधण्याचे प्रयत्न वाढले. ती साधली की नाही, हे ध्रुवित प्रकाशातील सूक्ष्मदर्शकाखाली कळते: काळ्या फुलीने छेदलेले उजळ गोल दिसू लागतात.

सेरामाइड पूर्वी गुरांच्या मेंदूपासूनही काढले जाई. पण १९९६ मध्ये ब्रिटनने गुरांच्या मेंदूरोगाचा माणसातील रोगाशी असलेला संभाव्य संबंध जाहीर केल्यावर हा मार्ग नकोसा झाला, आणि यीस्टच्या किण्वनातून मिळणाऱ्या द्रव्यांना महत्त्व आले. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी घातली. तो निर्णय मोलाचा होता, तरी चाचणीवरील बंदी आणि घटकांतील प्राणिजन्य द्रव्य हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे अनेकदा विसरले जाते.

लोकरीतून येणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या जागी सोयाबीनमधील तत्सम सिटोस्टेरॉल वापरावे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्याच्या शेपटीला दोन कार्बनांची जादा फांदी असते, त्यामुळे रेणू तितके घट्ट बसत नाहीत. म्हणून त्याच्या जोडीला लेसिथिन, म्हणजे सोयाबीनचे तेल पाण्याने निवळताना वेगळा होणारा फॉस्फरसयुक्त मेद, आणि पामतेलापासून मिळणारी मेद-अल्कोहोले बेताने घालावी लागतात. खरे कौशल्य या प्रमाणात आहे.

कृष्णाखोऱ्यातील सोयाबीन या कामाला उपयोगी आहेच, पण करडईचा विचार अधिक व्हायला हवा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९६८ मध्ये झाली, बिनकाट्याचा करडई संकर विकसित केला आणि काढणीतील मोठा जाच कमी केला. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते, आणि त्वचेतील पाणी राखणाऱ्या एका महत्त्वाच्या सेरामाइडला नेमके हेच आम्ल जोडलेले असते. अर्थात, नुसत्या तेलाच्या रेणूला पाण्याशी जुळणारे पुरेसे टोक नसल्यामुळे त्याचे पदर बनत नाहीत. तेल फोडून हे आम्ल वेगळे करावे लागते आणि यीस्टपासून मिळालेल्या, सेरामाइडचा कणा असलेल्या द्रव्याशी जोडावे लागते.