मूत्राशय काढल्यानंतरचा धोका आणि किरणोपचाराचे पुनरागमन

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूच्या थरापर्यंत पोहोचला की मूत्राशय समूळ काढून टाकणे हा गेली अनेक दशके प्रमाण मानला गेलेला उपचार आहे. परंतु या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही काही रुग्णांत रोग ओटीपोटाच्या त्याच पोकळीत पुन्हा डोके वर काढतो आणि एकदा तसे झाले की पुढचे उपाय फारसे उपयोगी पडत नाहीत. रोग परतण्याआधीच त्या जागेवर किरणोपचार करावेत हा विचार नवा नाही. तो एकदा मांडला गेला, वापरला गेला, दुष्परिणामांमुळे बाजूला पडला आणि आता मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने पुढाकार घेतलेल्या एका चाचणीमुळे पुन्हा चर्चेत आला आहे. अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्याच्या दृष्टीने या चर्चेला केवळ वैद्यकीय नव्हे, तर व्यावहारिक बाजूही आहे.

मूत्राशयाच्या भिंतीला आतून बाहेर असे थर असतात: लघवीच्या सतत संपर्कात येणारे अस्तर, त्याखालची विरळ संयोजी ऊती, मग लघवी बाहेर ढकलणारा जाड स्नायू आणि त्यापलीकडे चरबी. बहुतेक गाठी अस्तरात उगम पावतात आणि निदानाच्या वेळी साधारण तीन चतुर्थांश रुग्णांत त्या स्नायूपर्यंत पोहोचलेल्या नसतात. अशा गाठी दुर्बिणीतून खरवडून काढता येतात. स्नायूत शिरलेला रोग दुसऱ्या टप्प्याचा, स्नायू ओलांडून चरबीत गेलेला तिसऱ्या आणि प्रोस्टेट, गर्भाशय किंवा ओटीपोटाची भिंत यांसारख्या शेजारच्या अवयवांत घुसलेला चौथ्या टप्प्याचा मानतात.

या रोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर आहे. धुरातील अ‍ॅरोमॅटिक अमाइन नावाची रसायने रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो. याच वर्गातील रसायनांचा दोष फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ साली रंगाच्या कारखान्यातील कामगारांत प्रथम दाखवून दिला होता. अहिल्यानगर शहर आणि संगमनेर ही विडी वळण्याच्या धंद्याची जुनी केंद्रे आहेत. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा तेथे आणि इतरत्रही रुजलेला समज निराधार आहे. रोगाचे पहिले लक्षण बहुधा लघवीतून न दुखता जाणारे रक्त हे असते. ते एकदा दिसते, मग आठवडेच्या आठवडे दिसत नाही, आणि उन्हाळी लागली किंवा मुतखडा झाला असे समजून धन्याच्या पाण्यावर वेळ निघून जातो. स्नायूपर्यंत पोहोचलेल्या रोगाचे रुग्ण उशिरा येतात, यामागे हा फसवा विराम मोठ्या प्रमाणात आहे.

मूत्राशय समूळ काढताना पुरुषांत प्रोस्टेटही आणि स्त्रियांत बहुधा गर्भाशयही काढले जाते, आसपासच्या लसिकाग्रंथी साफ केल्या जातात आणि लहान आतड्याचा एक तुकडा वेगळा करून त्यात दोन्ही मूत्रवाहिन्या जोडून त्याचे तोंड पोटावर आणले जाते. या तोंडाला स्टोमा म्हणतात; त्यावर लावलेल्या पिशवीत लघवी जमते आणि रुग्ण ती ठरावीक वेळाने रिकामी करतो. ही पद्धत अमेरिकेतील युजीन ब्रिकर यांनी १९५० साली रूढ केली आणि आजही तीच सर्वाधिक वापरात आहे. काढलेले मूत्राशय विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाते आणि तेथून येणारा अहवाल पुढच्या उपचारांच्या दृष्टीने शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा असतो. त्यात तीन गोष्टी बारकाईने पाहाव्या लागतात. रोग स्नायूपलीकडे गेला आहे का, कापलेल्या कडेवर कर्कपेशी आहेत का, आणि लसिकाग्रंथी किती तपासल्या व त्यांपैकी किती बाधित निघाल्या. दहापेक्षा कमी ग्रंथी तपासल्या गेल्या असतील, तर 'एकही बाधित नाही' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण शोधच अपुरा झालेला असतो. यांपैकी एक जरी बाब प्रतिकूल असेल तर रुग्ण उच्च जोखमीचा ठरतो, आणि प्रतिकूल बाबी एकत्र आल्या तर रोग ओटीपोटात परतण्याची शक्यता पाचांत एकाच्या बरीच पुढे जाते.

किरणोपचाराची बाजू भक्कमपणे प्रथम मांडली गेली ती इजिप्तमध्ये. नाईल नदीच्या काठी बिल्हार्झिया हा परजीवी कृमींचा रोग फार मोठ्या प्रमाणावर होता, त्याने मूत्राशय वर्षानुवर्षे सुजलेले राहत असे आणि पुढे कर्करोग होत असे. कैरोच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील झगलूल आणि सहकाऱ्यांनी २३६ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी पाच वर्षांनी २५ टक्के रुग्ण रोगमुक्त होते, तर शस्त्रक्रियेनंतर नेहमीच्या पद्धतीने किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ४४ टक्के निघाले. फरक ठळक होता, तरीही जगाने त्याकडे पाठ फिरवली. बिल्हार्झियामुळे होणारा कर्करोग वेगळ्या प्रकारच्या पेशींचा असतो, म्हणून तो निष्कर्ष इतरत्र लागू पडणार नाही असा आक्षेप घेण्यात आला. मात्र त्याच गटाच्या २०१८ सालच्या १२० रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास रुग्णांचा कर्करोग जगभर आढळणाऱ्या नेहमीच्या प्रकारचा होता. तेथेही केमोथेरपीला किरणोपचाराची जोड मिळालेल्यांपैकी ९६ टक्क्यांत दोन वर्षांपर्यंत रोग जागेवर परतला नाही, नुसत्या केमोथेरपीत हे प्रमाण ६९ टक्के होते.

दुसरा आक्षेप अधिक रास्त होता आणि तो आतड्याविषयी होता. मूत्राशय काढल्यावर ओटीपोटात जी पोकळी राहते ती रिकामी राहत नाही. लहान आतड्याची वेटोळी खाली घसरून तेथे बसतात, म्हणजे नेमकी ज्या जागेवर किरण सोडायचे तेथेच येतात. लहान आतडे किरणांना फार हळवे असते. जुन्या कोबाल्ट यंत्रातून निघणारा किरणांचा झोत चौकोनी आणि ढोबळ असे, त्यामुळे मात्रा जितकी रोगाच्या जागेला मिळे जवळजवळ तितकीच आतड्याला मिळे आणि कित्येक रुग्णांना पुढे आतडे अडकण्याचा, रक्त पडण्याचा त्रास होई. शल्यविशारदांच्या मनात त्या काळाची जी धास्ती बसली ती यंत्रे बदलल्यावरही बराच काळ टिकली, हे वैद्यकशास्त्राच्या शिस्तीला फारसे शोभणारे नाही.

आजच्या लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर यंत्राच्या तोंडाशी टंगस्टन धातूच्या पातळ पट्ट्यांच्या जोड्या असतात. प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे मागेपुढे सरकते, त्यामुळे झोताचा आकार क्षणोक्षणी बदलता येतो आणि अनेक कोनांतून आलेल्या कमी-अधिक तीव्रतेच्या झोतांची बेरीज लसिकाग्रंथींच्या साखळीवर पूर्ण भरते, तर मधल्या आतड्यांवर आणि स्टोमावर बरीच कमी राहते. दररोज उपचारापूर्वी यंत्रावरच छायाचित्र घेऊन हाडांची जागा जुळवली जाते. मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे एक ग्रे. या उपचारात एकूण ५०.४ ग्रे मात्रा २८ बैठकांत दिली जाते, म्हणजे दर बैठकीला १.८ ग्रे. मात्रा अशी वाटून देण्याचे कारण असे की निरोगी पेशी दोन बैठकांच्या मधल्या वेळात आपली मोडतोड दुरुस्त करतात, कर्कपेशींना ते तितकेसे साधत नाही.

टाटा स्मारक रुग्णालयातील किरणोपचारतज्ज्ञ डॉ. वेदांग मूर्ती यांच्या नेतृत्वाखालील 'बार्ट' या चाचणीची रुग्णनोंदणी २०१६ साली सुरू झाली. तिच्यात उच्च जोखमीच्या १५३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी निव्वळ योगायोगाने दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार मिळाले, दुसरा गट नेहमीप्रमाणे देखरेखीखाली राहिला. अमेरिकेत आखलेली अशीच एक चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने मध्येच बंद करावी लागली होती, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबईच्या चाचणीचे मोल कळते. २०२५ साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार किरणोपचार घेतलेल्या गटात रोग ओटीपोटात परतण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले आणि गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत जवळजवळ सारखे होते. मात्र एकूण आयुर्मान निश्चित वाढते असे इतक्या रुग्णसंख्येवरून म्हणता येत नाही. रोग दूरच्या अवयवांत आधीच पोहोचलेला असेल तर ओटीपोटावरचे किरण तो रोखू शकत नाहीत. त्यासाठी सिस्प्लॅटिन हे औषध असलेली केमोथेरपी किंवा अलीकडची प्रतिकारशक्तीवर आधारित औषधे लागतात. सिस्प्लॅटिन मूत्रपिंड अधू असलेल्यांना सोसत नाही आणि दुसऱ्या प्रकारची औषधे बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची आहेत. या तुलनेत किरणोपचार स्वस्त आहे, आणि ओटीपोटातल्या परतलेल्या गाठीमुळे होणाऱ्या असह्य वेदना टळणे हाही लहानसहान लाभ नव्हे.

खरी अडचण २८ या आकड्यात आहे. आठवड्याला पाच बैठका धरल्या तरी हा उपचार साडेपाच आठवडे चालतो, आणि क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या रुग्णाला रोज ये-जा करणे अशक्य आहे. लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात किरणोपचाराचा विभाग आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, अहिल्यानगर शहरापासून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. मुंबईला जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश असल्याने यंत्राचा खर्च भागतो. परंतु सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, खोलीचे भाडे आणि ऊसतोडीचा हंगाम यांचा हिशेब कोणत्याही योजनेत बसत नाही, आणि ज्याला ग्रामीण भागात 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात तो उपचार बारा-पंधरा बैठकांनंतर अर्धवट सोडला जातो. अर्धवट किरणोपचारातून रुग्णाच्या वाट्याला त्रास येतो, लाभाची मात्र खात्री राहत नाही. यंत्रांची संख्या वाढवण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, रुग्णालयाच्या आवारात साडेपाच आठवड्यांच्या मुक्कामाची सोय होणे या जिल्ह्याच्या दृष्टीने गरजेचे आहे.

ज्यांचे मूत्राशय काढले गेले आहे त्यांच्या नातेवाइकांनी टाके काढायला जाताना विकृतिशास्त्राचा अहवाल बरोबर न्यावा, त्यात रोगाचा टप्पा, कापलेल्या कडेची स्थिती आणि तपासलेल्या ग्रंथींची संख्या स्पष्ट लिहिली आहे का ते विचारावे, आणि यांपैकी काहीही प्रतिकूल असेल तर त्याच महिन्यात किरणोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.