समदुःखितांचा मेळा आणि त्याची शिस्त
(द्वितीय वर्ष, कला)

‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण आपण बहुधा तक्रारीच्या सुरात उच्चारतो. आपल्या दुःखाची इतरांना कल्पना नाही, एवढाच अर्थ तिच्यातून घेतो. परंतु या म्हणीला दुसरीही बाजू आहे. ज्याचे स्वतःचे जळलेले असते, त्याला दुसऱ्याचे जळणे फारसे न सांगताही कळते. एकाच व्याधीने गांजलेली माणसे एकत्र येऊन परस्परांना आधार देतात, त्या मदतगटांचा सारा पाया या दुसऱ्या बाजूवर उभा आहे. डॉक्टरांना रोग कळतो, औषध कळते. पण त्या रोगासह रोजचा संसार कसा करावयाचा, लग्नाच्या पंगतीत काय खावयाचे, शाळेत काय सांगावयाचे, रात्री किती वेळा उठावयाचे, हे ज्याने केले आहे त्यालाच नीट सांगता येते.

असे गट आज पुष्कळ आहेत. काही दवाखान्याच्या एखाद्या खोलीत भरतात, तर बरेचसे घरोघरच्या मोबाईलमध्ये. पण माणसे जमली म्हणजे गट झाला असे नव्हे. माणसे बाजारातही जमतात. आजाऱ्यांचा गट कशाने टिकतो आणि कशाने मोडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, अशा गटात विषय धरून बोलणे ही केवळ सभ्यतेची बाब नाही. गटाची मदत करण्याची सारी शक्तीच त्यावर अवलंबून असते.

इतिहासात याचा एक चांगला दाखला सापडतो. 1840 साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात सहा मद्यपी मित्रांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि आपल्यासारख्याच इतरांना ते आपली कहाणी सांगू लागले. यातून ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची चळवळ उभी राहिली. काही वर्षांतच ती देशभर पसरली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकन यांनी 1842 मध्ये स्प्रिंगफील्ड येथे तिच्या सभेत भाषण केले होते. परंतु एवढी मोठी चळवळ दशकाच्या अखेरीस जवळजवळ विरून गेली. कारणे अनेक होती. त्यांतील एक मोठे कारण असे सांगितले जाते की, मद्यपीने मद्यपीला हात द्यावा हा मूळ उद्देश मागे पडला आणि दारूबंदीचे कायदे, राजकारण, गुलामगिरीचा प्रश्न असे त्या काळचे सारे वाद तिच्या व्यासपीठावर आले. ते प्रश्न क्षुद्र होते असे कोण म्हणेल? गुलामगिरीचा प्रश्न तर मानवतेचा होता. पण काल रात्री प्यायलेला आणि आज सकाळी पश्चात्तापाने थरथरणारा माणूस त्या सभेत शिरला, तर त्याच्याकडे पाहावयाला कोणाला सवड उरली नाही.

हा धडा पुढे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेने घेतला. 1935 साली ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हे शेअरबाजारात काम केलेले गृहस्थ आणि डॉ. रॉबर्ट स्मिथ हे शल्यचिकित्सक यांच्या भेटीतून ती जन्मली. दोघेही दारूच्या पायी बुडालेले होते. गट वाढले तसे तंटेही वाढले, म्हणून अनुभवांतून बारा परंपरा तयार झाल्या. त्या 1946 मध्ये प्रथम छापल्या गेल्या आणि 1950 मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. त्यांतील पाचवी सांगते की, प्रत्येक गटाचा मुख्य उद्देश एकच: जो अजून यातना भोगतो आहे त्याच्यापर्यंत पोहोचणे. दहावी सांगते की, बाहेरच्या प्रश्नांवर संघटनेला मत नाही. सभासदाला स्वतःचे मत असण्यास कोणाची हरकत नाही. फक्त ते सभेच्या दाराबाहेर ठेवावयाचे. त्यांच्या बहुतेक सभांत एकजण बोलत असता दुसरा मध्ये बोलत नाही, उपदेश करीत नाही, वाद घालीत नाही. आपली पाळी आली की आपले सांगावे. आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत या संघटनेच्या सभा भरतात आणि तेथेही हीच रीत पाळली जाते.

एवढे लांबचे उदाहरण घेण्याचे कारण, त्याचा पडताळा मी घरी रोज पाहते. माझ्या धाकट्या भावाला वयाच्या नवव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्ल्याने हा रोग होत नाही, आणि आईने काही चुकीचे केल्यानेही होत नाही. गावाला मात्र हे सांगून पटत नाही. त्याला इन्सुलिन बाहेरूनच द्यावे लागते. 1922 च्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले थोड्याच दिवसांची सोबती असत. आता ती शिकतात, खेळतात, संसार करतात. पण दिवसातून अनेकदा टोचून घेऊन आणि मोजमाप ठेवून.

अशा मुलांच्या पालकांचा मोबाईलवर एक गट आहे. आई चौथीपर्यंत शिकलेली. भराभर येणारे संदेश तिला वाचवत नाहीत, म्हणून संध्याकाळी ते मी वाचून दाखवते आणि ती सांगेल ते उत्तर टाइप करते. एका रात्री दोनच्या सुमारास गटातील एका बाईंनी विचारले, ‘मुलाची साखर 52 आली आहे, अंग घामाने भिजले आहे, काय करू?’ त्या वेळी त्याच गटात निवडणुकीवरून दोघांचा वाद रंगला होता. त्यांच्या लांबलचक संदेशांखाली हा प्रश्न दिसेनासा झाला. मग पहाटेची सुभाषिते आली, फुलांची चित्रे आली. पहिले उत्तर गेले तेव्हा साडेपाच वाजले होते. सुदैवाने त्या बाईंनी स्वतःच्या समजुतीने मुलाला साखरपाणी पाजले होते, आणि तेच योग्य होते. साखर 70 च्या खाली गेली की सुमारे पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी (अगदी लहान मुलांना त्याहून कमी), पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि कमीच असेल तर पुन्हा द्यावी. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तडक रुग्णालय गाठावे किंवा 108 ला फोन करावा. गटातील निम्म्या आयांना हे पाठ आहे. त्या रात्री ज्यांना ते पाठ होते अशा काहीजणी जाग्याही होत्या. उत्तर गटात होते. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

त्यानंतर गटाच्या चालकांनी नियम केले. त्यांची जंत्री येथे देत नाही. त्यांमागील कारणे सांगणे अधिक उपयोगाचे होईल.

पहिली गोष्ट प्रश्न विचारण्याची. ‘मुलाला बरे नाही, कोणीतरी सांगा’ एवढ्यावर कोणी काय सांगावे? मुलाचे वय, आत्ताची साखर, शेवटचे इन्सुलिन कधी दिले, शेवटचे खाणे केव्हा झाले, या चार गोष्टी आल्या की उत्तर देणाऱ्याला वाट सापडते. मात्र जिवावरचा प्रसंग असेल तर गटाची वाट पाहू नये. गट हा डॉक्टरांना पर्याय नव्हे.

दुसरी गोष्ट उत्तर देण्याची. ‘आमच्याकडे असे झाले, आम्ही असे केले’ हे सांगणे निराळे आणि ‘तुम्ही दोन युनिट वाढवा’ हे सांगणे निराळे. इन्सुलिनची मात्रा मुलाचे वजन, वय, त्या वेळची साखर आणि पुढचे जेवण यांवर ठरते. एकाच्या मुलाला लागणारी मात्रा दुसऱ्याच्या मुलाला संकटात टाकू शकते. अनुभव वाटून घेता येतो, मात्रा वाटून घेता येत नाही.

तिसरी गोष्ट रामबाण उपायांची. अमुक पाला घ्या आणि इन्सुलिन सोडा, असे सांगणारे संदेश अशा गटांत हमखास येतात. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. पण मामाच्या मोबाईलवरून आलेला संदेश जाहिरातीसारखा दिसत नाही. टाइप वनच्या मुलाचे इन्सुलिन थांबले तर थोड्याच काळात रक्तात आम्ल साठते आणि प्राणावर बेतते. म्हणून असा संदेश नुसता अवांतर नसतो, तो घातक असतो. 2018 साली व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. त्याने वेग कमी होतो; खरेखोटे ओळखण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.

चौथी गोष्ट विश्वासाची. गटात आलेले अहवाल, मुलांची छायाचित्रे, घरातील अडचणी बाहेर नेऊ नयेत. मुलगी असेल तर तिचा आजार पुढे लग्नाच्या वेळी निघेल या भीतीने कितीतरी आया तोंडच उघडत नाहीत. एकदा जरी गोष्ट फुटली, तरी दहाजणी गप्प होतात.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. माणूस म्हणजे काही नुसता आजार नव्हे. त्याला हसावेसे वाटते, सणाच्या शुभेच्छा द्याव्याशा वाटतात. त्याला सतत ‘विषयावर या’ म्हणून टोकणे हे रुक्षपणाचे नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच विषयाची कुंपणे फार आवळू नयेत. चाचणीच्या पट्ट्या परवडत नाहीत, शाळेत तासाला खाऊ देत नाहीत, सासू आईलाच दोष देते, रात्री झोप लागत नाही, हे सारे विषयातलेच आहे. किंबहुना आजाराचा खरा भार तेथेच असतो. शुभेच्छांसाठी आमच्या गटाने दुसरा गट केला आहे. तेथे रविवारी धमाल असते.

नियमाची आठवण करून देण्यालाही रीत असावी. आमच्या गटात एक आजोबा रोज पहाटे देवांची चित्रे पाठवीत. चालकांनी त्यांना चारचौघांत न बोलता फोन केला. आजोबा म्हणाले, ‘नातवाच्या आजाराबद्दल मला काही लिहिता येत नाही, पण मीही आहे हे तुम्हाला कळावे म्हणून पाठवतो.’ चालकांनी विचारले, तुमच्याकडे वीज जाते तेव्हा इन्सुलिन कुठे ठेवता? काही दिवसांनी आजोबांनी मोठा संदेश लिहिला. मातीच्या मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, त्यात पाणी लागणार नाही अशा डबीत इन्सुलिन आणि वर ओले फडके. ज्यांच्या घरी फ्रीज नाही अशा किती घरांना त्या उन्हाळ्यात हे उपयोगी पडले! चारचौघांत अपमान झाला असता तर आजोबा गट सोडून गेले असते, आणि मडकेही त्यांच्याबरोबर गेले असते.

शिस्तीची ही कल्पना आपल्याला परकी नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर शेकडो दिंड्या चालतात. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सारे जमतात, टाळ-मृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने तेवढे टाळ वाजवीत राहावयाचे. त्या आवाजाच्या रोखाने चोपदार तेथे जातात आणि तक्रार ऐकून घेतात. इतरांनी मौन पाळावयाचे ते त्यांना बोलण्याचा हक्क नाही म्हणून नव्हे, तर ज्याला अडचण आहे त्याचा टाळ ऐकू यावा म्हणून.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळजण घरातील पहिलेच शिकणारे आहेत. घरच्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या आपण वाचतो, अहवाल आपण समजावून सांगतो, आणि अशा गटांतील संदेशही बहुधा आपल्याच बोटांनी जातात. तेव्हा ही जबाबदारी इतर कोणाहून अधिक आपली आहे. काही पाठविण्यापूर्वी बोट क्षणभर थांबवावे आणि वरचे चार संदेश वाचावेत. तेथे एखादा प्रश्न उत्तरावाचून पडला असेल, तर आधी त्याचे उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल, तर ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवावी.