दरीतला कॅमेरा, टेकडीवरचं सिम

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा नैऋत्य कोपरा डोंगर-दऱ्यांचा आहे. हिमयुगात बर्फाच्या थरांनी आजूबाजूचा मुलूख रगडून काढला, पण ते इथवर पोचलेच नाहीत. त्यामुळे माथ्यावर मक्या-सोयाबीनची शेतं, उतारावर ओकची झाडी आणि खाली अरुंद दऱ्या अशी जमीन टिकून राहिली. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना ती फार मानवते, मोबाईलला मात्र अजिबात नाही. दरीत उतरलं की रेंज जाते, आणि हरणांची ये-जा तर दरीतूनच.

शिकारीसाठी राखलेल्या इथल्या खासगी रानांत झाडांना ट्रेल कॅमेरे बांधलेले असतात. आपल्याकडे व्याघ्रगणनेत वापरतात त्याच जातीचं हे यंत्र. समोरून ऊबदार अंगाचं काही सरकलं की सेन्सरला तापमानातला फरक कळतो आणि फोटो निघतो. कल्पना जुनी आहे. जॉर्ज शिरास यांनी मिशिगनच्या जंगलात तारा ताणून, जनावराच्याच धक्क्याने फ्लॅश उडवून रात्रीचे फोटो काढले होते. 1906च्या जुलैमध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्यांचे 74 फोटो छापले.

पुढे सेन्सर आले, डिजिटल कॅमेरे आले, पण कार्ड काढायला रानात जाणं काही सुटलं नाही. हरणाचा सगळा भरवसा नाकावर. माणूस कार्ड घेऊन परततो, त्याचा वास मात्र मागे राहतो, आणि वयाने मुरलेला नर ती वाटच टाकतो. म्हणून सिम घातलेले सेल्युलर कॅमेरे आले. त्यातही प्रत्येक सिमचा महिन्याचा खर्च वेगळा, आणि दरीत रेंज नाही ती नाहीच. 2022मध्ये अमेरिकी कंपन्यांनी थ्रीजी बंद केल्यावर तर जुने सेल्युलर कॅमेरे फोटो पाठवण्याच्या कामाचेच राहिले नाहीत.

यावरचा मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे कॅमेऱ्यांची साखळी. विस्कॉन्सिनच्याच कडीबॅक कंपनीची ‘कडीलिंक’ ही तशी व्यवस्था आहे. सिम एकाच मुख्य कॅमेऱ्यात असतं. बाकीचे 900 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींवर एकमेकांचे फोटो पुढे ढकलतात. दरीतल्या हरणाचा फोटो उतारावरच्या कॅमेऱ्याकडे जातो, तिथून माथ्यावर, आणि मग टॉवरकडे.

अशी साखळी बसवायची तर सुरुवात माथ्यावरून करावी. रेंज पक्की मिळेल तिथे मुख्य कॅमेरा लावून तो चालतो याची खात्री करायची आणि मग एकेक कॅमेरा जोडत खाली उतरायचं. सगळे एकदम लावून घरी आलेल्याला बिघाड कुठे आहे हे कळतच नाही. मार्चमध्ये झाडं उघडी असताना जोडणी झकास चालते, जूनमध्ये पालवी दाटली की तुटते, कारण ओल्या पानांत लहरी जिरतात. तेव्हा चाचणी भर पानोळ्यात घ्यावी. मधला कॅमेरा दुसऱ्यांचे निरोपही वाहतो, म्हणून त्याची बॅटरी लवकर संपते. तो बंद पडला की पलीकडचे सगळे गप्प होतात, त्यामुळे महत्त्वाच्या जागी दुसरी वाट ठेवलेली बरी. दाट सावलीत सौर पॅनेलवर विसंबू नये. कडाक्याच्या थंडीत साधे अल्कलाइन सेल मान टाकतात, लिथियमचे तग धरतात.

बांधणीतही बारकावे आहेत. भिंगाचं तोंड उत्तरेला ठेवलं तर उगवता-मावळता सूर्य आत घुसत नाही. बुंधा जाड हवा, बारीक झाड वाऱ्यात डोलतं. उन्हात तापलेलं गवत हललं तरी सेन्सर फसतो आणि रिकाम्या फोटोंमध्ये बॅटरी जाते, म्हणून पुढचं गवत कापून घ्यावं. कॅमेरा वाटेला काटकोनात न लावता तिरका लावावा, नाहीतर फोटोत नुसती शेपटी येते. रात्रीच्या फोटोंसाठी कॅमेऱ्यात असलेले 850 नॅनोमीटरचे अवरक्त दिवे मंद लाल दिसतात, 940चे दिसत नाहीत, पण त्यांचा उजेड कमी पोचतो.

हे सगळं जमलं की माणसाला फोटोंसाठी रानात पाऊल टाकावं लागत नाही, आणि खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. फोटो क्षणात फोनवर आला, हातात बंदूक आहे आणि हरीण अजून तिथेच उभं आहे, तर ती शिकार कसली? ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यात पाणवठे मोजके, त्यांच्याभोवती कॅमेऱ्यांची गर्दी झाली. तिथे 1 जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरायला बंदी आहे. 1887मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लबही अशा तत्काळ माहितीवर मारलेलं जनावर आपल्या नोंदवहीत घेत नाही. मला क्लबची भूमिका अधिक नेमकी वाटते. कॅमेऱ्यात वावगं काही नाही, वावगी आहे ती फोटो आणि गोळी यांच्यातली घाई.

साखळीत फोटो लगेच न पाठवता दिवसाचा एकच अहवाल पाठवण्याची सोय असते. तीच निवडावी. आणि मोसम संपल्यावरही कॅमेरे चालू ठेवणारे जमीनमालक मला जास्त जवळचे वाटतात. कोणते नर वाचले, कोणाची शिंगं गळली, माद्यांमागे किती पाडसं उरली, याचा हिशेब त्यांच्याकडे असतो, आणि पुढच्या वर्षी किती हरणं मारायची हे ते त्यावरूनच ठरवतात.